सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला

सोमवार, १२ एप्रिल १९७६. सकाळचे सव्वासात. कारंजा लाडच्या बंबवाल्या जिनमध्ये, म्हणजे कापूस पिंजायच्या कारखान्यात, फाटकाच्या आत कडुनिंबाखाली, बासष्ट बाया नंबरवार उभ्या होत्या. टाइमकीपर उदयसिंगने सेहेचाळीस नंबर पुकारला. त्या बाईने पितळी बिल्ला वर केला आणि 'हाव' म्हटले. मग त्याने पुकारले, "सत्तेचाळीस. कस्तुराबाई जानराव."

कोणी उत्तर दिले नाही.

उदयसिंगने मान वर केली. रांगेत जागा रिकामी नव्हती. तेरा हंगाम त्या जागी जी बाई उभी राहत आली तीच उभी होती, बिल्ला मुठीत मिटून. त्याने दुसऱ्यांदा पुकारले. मागच्या अठ्ठेचाळीस नंबरच्या बेबीताईने तिला कोपराने ढोसले. तिसऱ्यांदा पुकारल्यावर ती बोलली. आवाज मोठा नव्हता, पण यंत्रे अजून सुरू झाली नव्हती, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेले.

"कस्तुराबाई मेली. तेरा वर्सं झाली. मी भागिरथा. भागिरथा देवमन."

रांगेतल्या बाया आधी दचकल्या त्या तिने नवऱ्याचे नाव तोंडाने घेतले म्हणून. बाकीचे त्यांच्या ध्यानात मागाहून आले. उदयसिंगने पेन्सिल कानावर ठेवली, पुन्हा काढली आणि सत्तेचाळीससमोर फुली मारली. बिल्ला दाखवायचा असेल तर आत, नसेल तर बाहेर, एवढेच तो म्हणाला. सात पंचविसाला भागिरथा फाटकाबाहेर पडली. साडेसातला भोंगा झाला.

फाटकाशेजारी आग विझवायचा एक जुना बंब उभा असतो. तो चालत नाही, पण त्यावरून जिनला नाव पडले आहे. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की जिन उघडते आणि चैत्र-वैशाखात कापूस संपला की बंद होते. आत सरकी आणि रुई वेगळी करणारे रेचे आहेत. त्यांच्यावर कापूस सोडायचे काम बायांचे. ज्या बाईकडे बिल्ला तिला रेच्यावर जागा. जिच्याकडे नाही तिने रोज सकाळी फाटकाबाहेर उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर आत जायचे.

म्हणून बिल्ला ही घरातली वस्तू झाली होती. सासूला दिसेनासे झाले की बिल्ला सुनेकडे जाई, सून बाळंत झाली की नणंद घेऊन येई. रजिस्टरात नाव पहिल्या बाईचेच राही. मुकादम सेवादास याचे म्हणणे असे की रेच्याला नंबर लागतो, नाव लागत नाही. बायांचे म्हणणे असे की नाव बदलायला गेले तर आपण नवीन ठरू आणि यादीच्या तळाशी जाऊ. कोणी कोणाला असे करायला सांगितले नव्हते, कोणी अडवलेही नव्हते. त्या एप्रिलमध्ये बासष्टपैकी निदान बावीस बाया दुसरीच्या नावाला 'हाव' म्हणत होत्या. बेबीताई तिच्या सासूच्या नावावर होती. शनिवारी मजुरी हातात पडत होती तोवर यात कोणाचे काही बिघडत नव्हते.

कस्तुराबाई ही भागिरथाची थोरली जाऊ. १९६३ च्या पोळ्यानंतर तिला ताप आला. नवऱ्याने, जानरावने, तिला कारंज्याहून आपल्या गावी केनवडला नेले. तिथे नवव्या दिवशी ती गेली. भागिरथाचा नवरा देवमन त्याच जिनमध्ये हमाल होता. तो आदल्या वर्षीच छातीच्या दुखण्याने गेला होता. मूलबाळ नव्हते. जानरावने कारंज्यातले बिऱ्हाड मोडले आणि दोन पोरे घेऊन तो केनवडच्या तीन एकरांवर कायमचा गेला. जाताना त्याने बायकोचा बिल्ला भागिरथाच्या उंबरठ्यावर ठेवला. भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, भावजयीच्या हातात वस्तू देत नाही. "चालव," एवढे म्हणाला.

तिने चालवला. दिवाळीनंतर पहिल्या सकाळी सत्तेचाळीस पुकारले तेव्हा तिने बिल्ला वर केला आणि 'हाव' म्हटले. कस्तुराबाई आहे असे ती स्वतः कधी म्हणाली नाही. तशी वेळ आली नाही.

रेचे सुरू झाले की आत बोललेले ऐकू येत नाही. बाया हाताने बोलतात. पाणी, भाकर, मुकादम आला, या सगळ्याला खुणा आहेत. नावांना खुणा नाहीत. जेवणाच्या सुट्टीत तिला 'कस्तुरा' म्हणत. वस्तीतल्या पोराटोरांत ती 'सत्तेचाळीसवाली' होती. घरी हाक मारायला कोणी नव्हते. १९५८ साली वस्तीतल्या विहारात प्रौढांचा वर्ग निघाला होता, तेव्हा देवमनने तिला त्यात बसवले होते. ती आपले नाव लिहायला शिकली, चार अक्षरे. पुढचे शिकायच्या आत वर्ग बंद पडला. जिनच्या रजिस्टरात मात्र ती तेरा वर्षे अंगठा देत आली. हाताला भागिरथा लिहिता येत होते, कस्तुराबाई लिहिता येत नव्हते. कारकुनाने तिच्या नावापुढे 'निरक्षर' लिहून ठेवले होते. कधी संध्याकाळी परातीत पीठ घेतल्यावर, पाणी घालायच्या आधी, ती पिठात बोटाने ती चार अक्षरे काढी. मग पाणी घालून मळायला घेई.

फेब्रुवारीत जिनमध्ये कामगार खात्याचे एक अधिकारी येऊन गेले. कायदा १९७२ चा होता, बायांना तो तेव्हा कळला. पाच वर्षे काम केलेल्या माणसाला काम सुटताना ग्रॅच्युइटी मिळते. हंगामी कारखान्यात हिशेब दर हंगामाला सात दिवसांच्या मजुरीचा. मार्चअखेर जिनच्या ऑफिसने फळ्यावर सूचना लावली. पुढच्या हंगामापासून काही रेचे बंद राहतील. दहा हंगामांच्या वर झालेल्या बायांपैकी काहींना याच वेळी मोकळे करून पैसे देण्यात येतील. फॉर्म १२ एप्रिलपर्यंत भरावेत. यादीत एकोणीस नावे होती. त्यात कस्तुराबाई जानराव, तेरा हंगाम; १९६३ च्या आधीचे जिनने धरले नव्हते.

सोमवारी, ५ एप्रिलला, भागिरथा फॉर्म भरायला उभी राहिली. कारकुनाने नवऱ्याचे नाव विचारले. तिने पदर पुढे ओढला. मागे उभ्या केशरबाईने थट्टा केली, "बाबू, तुमीच वाचा वहीतून. कस्तुरा लाजून राह्यली." बाया हसल्या. कारकुनाने वहीतून जानराव हे नाव उतरवून घेतले. अंगठा त्याने घेतला नाही. नवऱ्याला बारा तारखेपर्यंत घेऊन ये, गावच्या पोलीस पाटलाची चिठ्ठी आण की ही याचीच बायको, मग अंगठा आणि मग पैसे, असे त्याने सांगितले. वारस म्हणूनही जानरावच लिहिला जाईल, हेही सांगितले. भागिरथाने विचारले, नवरा नसेल तर? कारकून म्हणाला, वहीत तर आहे.

सेवादासने तिच्या भल्यासाठीच केनवडला पोस्टकार्ड टाकले. जानराव रविवारी, ११ तारखेला, संध्याकाळी साडेपाचला तिच्या दारात आला. वस्तीत चौदा एप्रिलची तयारी चालली होती. गल्लीत निळ्या पताका बांधत होते. तो ओट्यावर बसला. ती आत, दाराच्या आड, कपाळापर्यंत पदर घेऊन. पोलीस पाटलाची चिठ्ठी त्याने आधीच आणली होती, सदऱ्याच्या खिशात होती.

त्याने सगळे सांगून टाकले. उद्या कारकुनापुढे उभे राहायचे, ही माझी बायको असे तो म्हणेल, ती अंगठा देईल. निम्मे तिचे, निम्मे त्याचे. त्याचे निम्मे का, तर बिल्ला त्याच्या बायकोचा होता. तो त्याने तेव्हा दुसऱ्या कोणालाही दिला असता. देवमन गेल्यावर तिच्याकडे काय होते, हे तिने आठवून पाहावे. हे खरे होते आणि तिने ते नाकारले नाही.

"दोन मिनिटाचं काम हाय," जानराव म्हणाला. "दोन मिनिटं कस्तुरा हो अन् मोकळी हो. नावाले काय चाटतं का?"

"तेरा वर्सं झाली, भाऊजी," ती म्हणाली.

तिने चहा केला आणि कप उंबरठ्यावर ठेवला. त्याने पिऊन रिकामा कप तिथेच ठेवला. रात्री तो गावातल्या एका नातलगाकडे झोपायला गेला. सकाळी सात पंचविसाला ती फाटकाबाहेर पडली तेव्हा तो बंबाजवळ उभा होता. तो दहाच्या गाडीने परत गेला.

कापूस कामगारांच्या युनियनचे काम कारंज्यात इंद्रभान बघत असे. पोटासाठी त्याचे शिवणयंत्र होते, बाजाराच्या मागच्या गल्लीत. आणीबाणी होती, मोर्चा काढता येत नव्हता. अर्ज करता येत होता. इंद्रभानने तिचे सगळे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला, की हे सोमवारी सकाळी रांगेत बोलायच्या आधी माझ्याकडे का आली नाहीस. मग त्याने अर्ज लिहिला. मागणी एकच होती. १९६३-६४ पासून सत्तेचाळीस नंबरच्या बिल्ल्यावर जे काम झाले ते भागिरथा देवमन हिने केले असे धरावे, आणि त्याची ग्रॅच्युइटी तिला द्यावी. अर्जाखाली तिने सही केली. चार अक्षरांना तिला मिनिटभर लागले. 'था' कागदाच्या कडेला गेला.

जिनचे उत्तर ३ जूनला आले. ते दोन वाक्यांचे होते. भागिरथा देवमन या नावाची कोणीही कामगार आमच्या नोंदीत कधीही नव्हती. कस्तुराबाई जानराव ही कामगार दिनांक १२ एप्रिलपासून स्वखुशीने काम सोडून गेली आहे.

इंद्रभानने ते तिला दोनदा वाचून दाखवले. तो म्हणाला की आता दोन गोष्टी लागतील. एक, कस्तुराबाई मेल्याचा कागद. दुसरी, रेच्यावर भागिरथाच बसत होती हे सांगणारे माणूस.

मे महिन्यापासून ती रोजगार हमीच्या कामावर जात होती. गावाबाहेर नाल्याला बांध घालणे चालले होते. पहिल्या दिवशी हजेरी घेणाऱ्याने यादीतून नाव वाचले, भागिरथा देवमन. कोणी बोलले नाही. त्याने पुन्हा वाचले. शेजारच्या बाईने विचारले, बाई, तुह्यं नाव काय हाय? तेव्हा भागिरथाने पाटी खाली ठेवली आणि 'हाव' म्हटले. त्या दिवशी दुपारी ती भाकर घेऊन इतरांपासून लांब, बांधाच्या पलीकडच्या अंगाला बसली.

जुलैत ती केनवडला गेली. कारंज्याहून वाशीम, वाशीमहून दुसरी गाडी. जानराव शेतात होता. घरी त्याची दुसरी बायको मनकर्णाबाई होती. कस्तुराबाई गेल्यावर वर्षाने त्याने तिला केली होती. एप्रिलमधल्या चिठ्ठीचे तिला काही ठाऊक नव्हते. भागिरथाने आडपडदा न ठेवता सांगितले. मनकर्णाबाई निवडत असलेली डाळ सुपात तशीच ठेवून ऐकत होती.

"म्हणजे पाटलाच्या कागदावर ते जित्ती हाय," ती म्हणाली. "मंग मी कोण? अकरा वर्सं मी कोनाच्या घरात भाकरी थापून राह्यली?"

भागिरथा म्हणाली की तिच्या मनात भांडण लावायचे नाही. मनकर्णाबाई म्हणाली, "तू कायले लावतं? लावणारा येईल ना दिवस बुडता."

तिने डोक्यावर पदर घेतला आणि भागिरथाला घेऊन ग्रामपंचायतीत गेली. ग्रामसेवकाला जुने मृत्यूचे रजिस्टर काढायला दीड तास लागला. तेवढा वेळ मनकर्णाबाई दारात उभी राहिली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिली की सवतीचा मेल्याचा दाखला घ्यायला आले आहे, नवरा म्हणतो ती जिवंत आहे. नोंद सापडली. कस्तुराबाई जानराव, वय तीस, ताप, सप्टेंबर १९६३. दाखल्यावर शिक्का बसला. मनकर्णाबाईने तो कागद हातात घेऊन पाहिला. तिला वाचता येत नव्हते. तिने विचारले, यावर माझे नाव कुठे आहे का? भागिरथा म्हणाली, नाही. मनकर्णाबाईने कागद परत दिला आणि गाडीवर पोचवायला काही आली नाही.

पहिला कागद झाला. दुसरी गोष्ट झाली नाही.

इंद्रभान बायांकडे एकेक करून गेला. एकोणीसपैकी बाराजणींना तोवर पैसे मिळाले होते. त्या म्हणाल्या, मिळाले ते परत मागतील. ज्यांचा बिल्ला अजून चालू होता त्या म्हणाल्या, भागिरथाचे खरे ठरले तर उद्या सगळ्यांचे अंगठे तपासतील. केशरबाई म्हणाली की तिला काही आठवत नाही, रेच्याच्या आवाजाने तिचे कान गेले आहेत. ती हे अगदी हळू बोलली आणि इंद्रभानचा पुढचा प्रश्न तिला नीट ऐकू आला.

बेबीताई स्वतःच आली. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी, मागच्या दाराने. तेरा हंगाम ती भागिरथाच्या मागे उभी राहिली होती आणि अकरा नंबरच्या रेच्यावर तिच्या शेजारी बसली होती. तिने डब्यातून चिवडा आणला होता. बराच वेळ दोघींनी बाजारभावाच्या गोष्टी केल्या. मग बेबीताई बोलली.

"मी सांगाले गेली असती. पन मीच तथी सासूच्या नावानं हावो. मले पयलेच इचारतील, तू कोन?"

"इचारतील," भागिरथा म्हणाली.

"तू गप बसली असती तं काय झालं असतं? आपुन साऱ्याच गप होतो."

भागिरथाने चिवड्याचा डबा रिकामा करून, धुऊन परत दिला. त्या हंगामात बेबीताई पुन्हा आली नाही. बाजारात समोरासमोर आल्या तर इतर बाया भाजीकडे बघत. कोणी वाईट बोलले नाही. वस्तीतल्या नळावर तिचा नंबर आला की आधीच्या बाईने आपली घागर लवकर उचलायची, एवढेच.

सुनावणी फेब्रुवारी १९७७ मध्ये अकोल्याला, कामगार खात्याच्या कचेरीत झाली. अधिकाऱ्यांनी तिला वीस मिनिटे दिली आणि पूर्ण ऐकून घेतले. इंद्रभानने तीन गोष्टी पुढे ठेवल्या. केनवडचा दाखला, पितळी बिल्ला आणि विहाराची वर्गणीची वही. त्या वहीत दर चौदा एप्रिलला 'भागिरथा देवमन, आठ आणे' अशी नोंद होती. जिनच्या वकिलांनी विचारले की वहीवरून ही बाई कारंज्यात राहते एवढे सिद्ध होते, ती रेच्यावर बसत होती हे कशावरून? बिल्ल्याबद्दल ते म्हणाले की तो जिनच्या मालकीचा आहे, तिच्याकडे कसा आला याचाच खुलासा व्हावा.

मग भागिरथाने आपणहून बोलायची परवानगी मागितली.

"साहेब, नाव तिचं होतं," ती म्हणाली. "अंगठा माहा होता."

अधिकाऱ्यांनी ते वाक्य लिहून घेतले. मजुरीची रजिस्टरे हजर करावीत असा आदेश त्यांनी दिला. जिनने मे महिन्यात पाच हंगामांची रजिस्टरे आणली. आधीची आठ वाळवीने खाल्ली असे लेखी दिले. अधिकाऱ्यांनी नोंदवले की कायद्याला पाच वर्षे पुरतात, बाकीच्या आठांचा विचार नंतर करू. भागिरथाच्या दोन्ही अंगठ्यांचे ठसे कागदावर घेतले गेले. घेणाऱ्या शिपायाने डावा ठसा तीनदा घेतला, कारण रेषा नीट उमटत नव्हत्या. तेरा हंगाम कापूस सोडून, बोंडांचे काटे लागून आणि नंतर वर्षभर दगडमाती उचलून तिच्या अंगठ्याची कातडी गुळगुळीत झाली होती. रजिस्टरे आणि ठसे पुण्याला तज्ज्ञांकडे पाठवले. अहवाल आला की पुढची तारीख, असे ठरले.

परतीच्या गाडीत इंद्रभानने तिला सांगितले की ठसा एकदा जुळला की बायांचीही भीती जाईल. ती खिडकीबाहेर बघत होती. मूर्तिजापूर येईपर्यंत तिने उजव्या हाताच्या बोटाने डावा अंगठा चोळला.

पावसाळा गेला. आणीबाणी त्याआधीच उठली होती. नोव्हेंबरमध्ये जिन पुन्हा सुरू झाली. रेचे कमी झाले होते. कडुनिंबाखाली त्रेचाळीस बाया उभ्या राहिल्या. उदयसिंग सेहेचाळीस पुकारतो आणि मग अठ्ठेचाळीस. सत्तेचाळीस तो पुकारत नाही, आणि मधे थांबतही नाही. भागिरथा कापूस वेचायला शेतांवर जाते. तिचा रस्ता जिनवरून आहे. सकाळी ती पुढून जाते तेव्हा फाटक उघडे असते.

गुरुवारी, ८ डिसेंबरला, दुपारी पोस्टमन मोहनसिंग तिच्या दारी आला. मनीऑर्डर होती. पाठवणार जिन. रक्कम तेरा हंगामांची, एक पैसाही कमी नव्हता. खालच्या पट्टीवर लिहिले होते, सर्व हक्क व दावे यांच्या पूर्ततेखातर. घेणारीचे नाव कस्तुराबाई जानराव.

मोहनसिंग तिला वीस वर्षांपासून ओळखत होता. तिला कधी पत्र आले नव्हते, म्हणून नावाचा प्रश्न आला नव्हता. त्याने विचारले, "ताई, हे तुमीच ना?"

तिने सांगितले, पत्ता तिचा आहे.

मोहनसिंगने डोके खाजवले आणि नियम सांगितला. अंगठा देऊन घ्यायची असेल तर ओळखीचा एक साक्षीदार लागेल, ही कस्तुराबाईच असे म्हणणारा. घ्यायची नसेल तर त्याला कारण लिहावे लागेल. विचार करायचा असेल तर सात दिवस पोस्टात राहील, मग परत जाईल.

त्याच संध्याकाळी इंद्रभानने तिला बजावले की घेऊ नको. घेतली की तू कस्तुराबाई झालीस, जुनी पाच रजिस्टरे आणि पुण्याचा अहवाल सगळे वाया. तिने विचारले, पुण्याहून काय येणार? तो म्हणाला, सांगता येत नाही. तिने विचारले, कधी येणार? तो म्हणाला, तेही नाही. ठसा जुळला नाही तर काय, हे तिने विचारले नाही. त्यानेही ते काढले नाही.

शनिवारी बेबीताई आली, या वेळी पुढच्या दाराने. बरोबर केशरबाई होती. साक्षीदार व्हायला दोघीही तयार होत्या.

"मी सांगतो ना पोस्टात," बेबीताई म्हणाली. "हे कस्तुराबाईच हाय म्हून. हजार बार सांगतो. घे माय, अन् मिटव."

"तसं सांगाले भ्या नाही वाटत?" भागिरथाने विचारले.

"त्यात कायचं भ्या?"

भागिरथाने त्यांना चहा दिला. त्या गेल्यावर तिने तीन कप धुऊन पालथे घातले. तिच्या घरात तीन कप एकदम वापरल्याला बरीच वर्षे झाली होती.

बुधवार, १४ डिसेंबर १९७७. संध्याकाळी पाचला मोहनसिंग तिच्या दारावरून गेला. उद्या सातवा दिवस, एवढे त्याने सायकलवरूनच सांगितले. ती ओट्यावर बसून सरपण मोडत होती. तिने मान हलवली. पुण्याचा अहवाल त्या दिवसापर्यंत अकोल्याला पोचलेला नव्हता. बिल्ला अकोल्याच्या फाइलीत होता. मनीऑर्डर कारंज्याच्या पोस्टात होती. पोस्ट सकाळी दहाला उघडते.